डेस्कटॉपवरील साउंड सर्व्हर: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून लिनक्स बसवून घेतलेला डेस्कटॉप संगणक वापरणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आवाज अजिबात येत नाही, तुटक येतो किंवा नको त्या स्पीकरमधून येतो, अशा तक्रारींमध्ये अडचण नेमकी कोणत्या थरात आहे ते आधी शोधावे आणि मगच एखादी सेटिंग बदलावी, असा आमचा आग्रह आहे. या पत्रकात आदेशांची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश देण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावीत.

सर्वांत खालचा थर अल्सा हा आहे. तो कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच भाग असून साउंड कार्डाचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) त्यात असतात. त्याच्या वर साउंड सर्व्हर चालतो. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर आणि बैठकीचे सॉफ्टवेअर एकाच वेळी आवाज पाठवू लागले, की ते सर्व प्रवाह एकत्र मिसळणे, त्यांचे सॅम्पलिंग दर (सेकंदाला असलेले आवाजाचे नमुने, म्हणजे सॅम्पल) जुळवून घेणे आणि ठरलेल्या उपकरणाकडे ते पोहोचवणे ही कामे हा सर्व्हर करतो. अनेक वर्षे सामान्य वापरासाठी पल्सऑडिओ आणि स्टुडिओतील ध्वनिमुद्रणासाठी जॅक असे दोन वेगळे सर्व्हर प्रचलित होते. विम टायमन्स यांनी सुरू केलेल्या पाइपवायरने या दोहोंची कामे एकत्र आणली. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने २०२१ मध्ये ३४व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २२.१० या आवृत्तीपासून पाइपवायर मूळ सर्व्हर म्हणून स्वीकारला. पुढील सूचना त्यालाच अनुसरून आहेत.

आपल्या संगणकावर कोणता सर्व्हर चालू आहे, हे 'पीएसीटीएल इन्फो' या आदेशाने कळते. उत्तरातील सर्व्हरच्या नावाच्या ओळीत पल्सऑडिओचे नाव दिसले तरी गोंधळून जाऊ नये; त्यापुढे 'ऑन पाइपवायर' असे असेल, तर प्रत्यक्षात पाइपवायरच चालू असून तो जुन्या प्रोग्रामांशी पल्सऑडिओच्या पद्धतीने बोलत आहे. साउंड सर्व्हर हा लॉगइन केलेल्या वापरकर्त्याच्या खात्यात चालतो, संपूर्ण संगणकासाठी नव्हे. म्हणून त्याचे आदेश 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने आदेश चालवणारा शब्द) लावून कधीही चालवू नयेत. तसे केल्यास आदेश दुसऱ्याच खात्यात सर्व्हर शोधतो आणि नसलेला दोष दिसू लागतो.

तपासणी नेहमी खालून वर करावी. 'एप्ले' या आदेशाला लहान 'एल'चा पर्याय जोडून चालवल्यास अल्साने ओळखलेल्या कार्डांची यादी मिळते. कार्ड या यादीतच नसेल, तर प्रश्न ड्रायव्हरचा किंवा हार्डवेअरचा आहे आणि सर्व्हरच्या सेटिंग्ज बदलून काहीही साधणार नाही. कार्ड दिसत असल्यास 'अल्सामिक्सर' उघडावा, एफ६ कळीने योग्य कार्ड निवडावे आणि एखाद्या पट्टीखाली दोन 'एम' अक्षरे असतील तर 'एम' कळ दाबून ती पट्टी खुली करावी. त्यानंतर 'पावुकंट्रोल' या खिडकीतील कॉन्फिगरेशन टॅबवर कार्डाची प्रोफाइल, म्हणजे कार्ड कोणत्या प्रकारे वापरायचे ती निवड, पाहावी. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला असल्यास आवाज त्याच्याकडे वळलेला असणे ही फार नेहमीची बाब आहे. अशा वेळी आउटपुट म्हणून स्पीकर किंवा हेडफोन निवडला, की काम होते. बहुतेक ग्राहकांना यापुढे जाण्याची गरज पडत नाही.

आवाज येतो पण मध्येच तुटतो किंवा टकटक ऐकू येते, तेव्हा बफरच्या, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवण्याच्या जागेच्या, आकाराकडे पाहावे. पाइपवायरमध्ये त्याला क्वांटम म्हणतात. मूळ सेटिंग १०२४ सॅम्पलची आणि मूळ दर सेकंदाला ४८,००० सॅम्पलचा असल्यामुळे एका फेरीला सुमारे २१ मिलिसेकंद मिळतात. क्वांटम २५६ केल्यास हा अवधी सुमारे ५.३ मिलिसेकंदांवर येतो. वाद्य वाजवताना स्वतःचा आवाज ऐकणाऱ्यास ते हवेच असते, परंतु तेवढ्या वेळात प्रोसेसरने काम पूर्ण केले नाही तर आवाजात खंड पडतो. 'पीडब्ल्यू-टॉप' चालवून एरर या अर्थाच्या स्तंभातील आकडा वाढतो आहे का, ते पाहावे. केवळ गाणी ऐकणाऱ्याने आणि चित्रपट पाहणाऱ्याने क्वांटम कमी करण्याचे काहीच कारण नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. प्रयोग करायचाच असेल, तर 'पीडब्ल्यू-मेटाडेटा' या आदेशाने क्वांटम चालू सत्रापुरता बदलता येतो आणि तिथे शून्य हे मूल्य दिले, की मूळ वागणूक परत येते.

बदल कायमचा हवा असल्यास यूएसआर फोल्डरातील मूळ फाइलला हात लावू नये, कारण पुढील अपडेट ती फाइल बदलून टाकते. होम फोल्डरातील 'डॉट कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात 'पाइपवायर' नावाचा फोल्डर करावा, त्यात 'पाइपवायर डॉट कॉन्फ डॉट डी' हा फोल्डर करावा आणि त्यात बदललेल्या ओळींपुरती लहान फाइल ठेवावी. काही बिघडल्यास ती एक फाइल काढली, की पूर्वस्थिती मिळते. बदलानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे. एका वेळी एकच मूल्य बदलावे.

कोणते उपकरण कोणत्या प्रवाहाला द्यायचे, हे पाइपवायरसोबत चालणारा वायरप्लंबर हा प्रोग्राम ठरवतो. त्याच्या ०.५ या आवृत्तीत सेटिंग्जच्या फाइलींचे स्वरूप बदलले असून त्याआधीच्या लुआ या प्रोग्रामिंग भाषेतील फाइली आता वाचल्या जात नाहीत; त्यामुळे जुना लेख पाहून केलेल्या बदलाचा परिणाम दिसत नसेल, तर प्रथम आवृत्ती तपासावी. काही क्षण शांतता राहिल्यावर वायरप्लंबर कार्डाला विश्रांती देतो आणि काही स्पीकरमधून त्या वेळी 'टप' असा आवाज येतो. हा बिघाड नव्हे, आणि विश्रांतीची ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते.

ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन सुरू होताच गाण्याचा दर्जा घसरतो, अशी विचारणा वारंवार होते. केवळ ऐकण्याची प्रोफाइल आणि संभाषणाची प्रोफाइल वेगळी असते आणि संभाषणाच्या प्रोफाइलमध्ये सॅम्पलिंग दर बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ इतकाच राहतो. बैठकीसाठी वेगळा यूएसबी मायक्रोफोन जोडून हेडफोन केवळ ऐकण्यासाठी ठेवणे, हा आमच्या मते सर्वांत चांगला उपाय आहे.

आमच्याशी संपर्क साधण्यापूर्वी 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' या आदेशाचे संपूर्ण उत्तर एका फाइलमध्ये जतन करावे, आवाज कोणत्या प्रोग्राममध्ये बिघडतो ते लिहून ठेवावे आणि अलीकडे कोणते अपडेट झाले असल्यास तेही कळवावे.