आधार देणारा आणि गुण देणारा : इंटर्नशिपमधल्या विद्यार्थ्याला सांभाळण्याचा इतिहास

विद्यार्थी इंटर्नशिप, क्षेत्रकार्य, वॉर्डातली ड्यूटी किंवा सराव पाठ यांसाठी विद्यापीठाबाहेर पडतो तेव्हा त्याच्या मनाची काळजी कोणी घ्यायची? बहुतेक माहितीपुस्तिकांत याचं उत्तर एका ओळीत असतं : समुपदेशन केंद्राचा फोन नंबर. प्रश्न मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि या सगळ्या काळात एकच अडचण पुन्हापुन्हा डोकं वर काढते. ज्याच्यापाशी विद्यार्थ्याने मन मोकळं करावं अशी अपेक्षा असते, बहुधा त्याच्याच हातात त्याचे गुण असतात.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. शिकाऊ मुली रुग्णालयातच राहत आणि वॉर्डात काम करत. प्रत्येकीच्या स्वभावाचा आणि कामातल्या प्रगतीचा तक्ता मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, दरमहा भरत असे. मुलींना रोजनिशी ठेवावी लागे आणि त्या रोजनिश्या नाइटिंगेल स्वतः वाचत. हेतू चांगला होता. पण घर, काम, देखरेख आणि मूल्यमापन असं सगळं एकाच छपराखाली, एकाच साखळीत आलं. थकलेल्या किंवा घाबरलेल्या मुलीला तसं सांगायला त्या साखळीबाहेरचं कोणी उरलं नाही.

अभियांत्रिकीत हा प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नाही. इंग्लंडमध्ये संडरलँडच्या तंत्र महाविद्यालयात १९०३ पासून शिक्षण आणि कारखान्यातलं काम आलटूनपालटून चालणारा अभ्यासक्रम होता. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन तशीच योजना सुरू केली : जोड्या लावायच्या, एक जण वर्गात तेव्हा दुसरा कारखान्यात, आणि मग अदलाबदल. अँटिऑक महाविद्यालयाने १९२१ मध्ये ती कला शाखेपर्यंत नेली, कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाने १९५७ मध्ये स्वीकारली. या परंपरेची खरी देणगी म्हणजे समन्वयक, कारखाना आणि वर्ग या दोन्हीकडे पाय असलेला माणूस. पण तो पाहायचा हजेरी, कौशल्य आणि मालकाची तक्रार. टिकला तो शिकला, एवढाच निकष.

मनाचा विचार पद्धतशीरपणे आला तो समाजकार्याच्या शिक्षणातून. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली उन्हाळी वर्गाने त्याची सुरुवात झाली आणि पुढे क्षेत्रकार्य व पर्यवेक्षकाबरोबरची नियमित एकांतातली बैठक हा अभ्यासक्रमाचा कणा बनला. बर्था रेनॉल्ड्स यांनी १९४२ मध्ये शिकणाऱ्याच्या पाच अवस्था मांडल्या. पहिलीत तो स्वतःविषयीच इतका सजग असतो की समोरच्याचं बोलणं त्याच्या कानावर पडतं, पण आत शिरत नाही. दुसरीत बुडण्यापेक्षा हातपाय मारतो. इतरांचं पाहून निभावून नेतो, पण का ते सांगू शकत नाही. तिसरीत परिस्थिती समजते, पण हातून नेमकं करायचं ते होत नाही. चौथीत कामावर बरीच पकड येते. पाचवीत तो दुसऱ्याला शिकवू शकतो.

या मांडणीचं मोल आजही कमी झालेलं नाही, कारण तिच्यातून पर्यवेक्षकाने कधी काय करायचं ते ठरतं. पहिल्या आठवड्यात टीका आणि सिद्धांत दोन्ही वाया जातात. विद्यार्थ्याला आधीपासून काय येतं ते शोधून तिथे पाय रोवू देणं, एवढंच तेव्हा उपयोगी पडतं. घात होतो तो तिसऱ्या अवस्थेत. काय चुकतंय हे आता दिसू लागलेलं असतं, म्हणून विद्यार्थी आधीपेक्षा जास्त खचलेला दिसतो आणि वरचे लोक समजतात की हा मागे पडला. प्रत्यक्षात तो पुढे आलेला असतो. आतापर्यंत निभावून नेणारा विद्यार्थी मधल्या आठवड्यांत अचानक गप्प झाला, तर कामगिरीच्या आधी ही शक्यता तपासावी.

त्याच काळात एक अतिरेकही झाला. मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली पर्यवेक्षकाची बैठक हळूहळू विद्यार्थ्याच्या बालपणात शिरू लागली. गुण देणाऱ्यापुढे स्वतःच्या घरातलं दुखणं उलगडायचं, आणि नाही उलगडलं तर ‘प्रतिकार करतो’ असा शेरा! या चुकीतून पुढे एक रेघ आखली गेली : कामामुळे जे मनात उठतं त्यावर पर्यवेक्षकाने बोलावं, त्यापलीकडचं उपचार करणाऱ्याकडे सोपवावं. आल्फ्रेड कॅड्युशिन यांनी १९७६ मध्ये पर्यवेक्षणाची प्रशासन, शिक्षण आणि आधार अशी तीन कामं स्पष्ट केली. कागदावर तिन्ही सारखी दिसतात. तासाभराच्या बैठकीत मात्र पहिली चाळीस मिनिटं नोंदवह्या आणि फॉर्म खातात, आधार शेवटच्या पाच मिनिटांत ‘बाकी ठीक ना?’ एवढ्यावर उरतो. साधा उपाय असा की क्रम उलटा लावायचा; आठवड्यातला सर्वांत जड गेलेला प्रसंग आधी, फॉर्म शेवटी.

रुग्णालयांविषयीचं सर्वांत भेदक निरीक्षण मनोविश्लेषक इझाबेल मेंझीस यांचं. लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयापुढे पेच होता की शिकाऊ परिचारिकांना वॉर्डाच्या गरजेप्रमाणे नेमायचं की शिक्षणाच्या. टॅव्हिस्टॉक संस्थेतर्फे मेंझीस तिथे गेल्या आणि १९६० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे एक तृतीयांश मुली प्रशिक्षण अर्ध्यावर सोडत होत्या. मेंझीस यांना दिसलं ते असं : कामाचे तुकडे करून एकेकीला अनेक रुग्णांचं थोडंथोडं काम दिलं जाई, म्हणजे कोणा एकाशी नातं जुळायला नको. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी पलंगाच्या क्रमांकाने किंवा आजाराने होई. मुलींच्या वॉर्डबदल्या वारंवार होत. ठरलेली वेळ झाली म्हणून झोपलेल्या रुग्णाला उठवून झोपेची गोळी देण्यापर्यंत नियम पाळले जात.

मेंझीस यांचं म्हणणं असं की यामागे दुष्टपणा नव्हता. वेदना, मृत्यू आणि उघड्या शरीराच्या सान्निध्यातून येणारी भीती जाणवू नये म्हणून संस्थेने नकळत उभारलेली ही तटबंदी होती. तिने भीती गेली नाही. ती पेलायची ताकद मात्र वाढेना. सोडून जाणाऱ्यांत कामाची आस्था असलेल्या मुलीही होत्या. विद्यार्थ्याला ‘कणखर बनवण्याचे’ वर्ग घेण्याआधी त्याला पाठवतो त्या ठिकाणची कामाची रचना तपासावी, हा धडा तिथून निघतो. आजही तो बराचसा दुर्लक्षित आहे, कारण वर्ग घेणं सोपं आणि रचना बदलणं महाग.

छात्राध्यापकांबाबत फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की आधी काळजी असते स्वतःची (मुलं मला मानतील का?), मग कामाची, आणि नंतर कुठे मुलांच्या शिकण्याची. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये नव्या परिचारिकांना बसणाऱ्या वास्तवाच्या धक्क्याचे टप्पे सांगितले : सुरुवातीची नवलाई, धक्का, सावरणं आणि तडजोड. त्यावर त्यांचा उपाय होता धक्क्याची चुणूक शिक्षणाच्या काळातच, सुरक्षित वातावरणात देण्याचा. प्रत्यक्ष कामावर जाण्यापूर्वीच्या तयारीची आजची कल्पना बरीचशी तिथे रुजली.

ही तयारी बिघडते कुठे? सभागृहात दोनशे विद्यार्थी, तासाभराचं ताणव्यवस्थापनावरचं भाषण, तेही रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात. त्या वेळी विद्यार्थ्याच्या डोक्यात पत्ता, गणवेश आणि पोहोचण्याची वेळ असते. उपयोगी तयारी छोट्या गटात, दोन-तीन बैठकांत, बोलून आणि करून होते. समोरचा माणूस रडू लागला तर पहिलं वाक्य काय? रुग्णाने किंवा ग्राहकाने खाजगी प्रश्न विचारला तर? वरिष्ठाने चारचौघांत झापलं तर त्या क्षणी काय बोलायचं आणि त्याच दिवशी कोणाला कळवायचं? ही वाक्यं तोंडाने म्हणून घ्यावी लागतात. वाचून ती ऐनवेळी आठवत नाहीत. सोबत एका कागदावर चार गोष्टी हव्यात : पहिल्या दिवशी भेटायच्या व्यक्तीचं नाव, आजारी पडल्यास कळवायचा नंबर, कार्यालयीन वेळेनंतरचा नंबर, आणि ठिकाण बदलून मागण्याची रीत. चौथी गोष्ट संस्था लिहायला कचरतात. पण बाहेर पडायचा रस्ता माहीत असला तर विद्यार्थ्याला अडकल्यासारखं वाटत नाही. आधीपासून मानसिक आजार किंवा अपंगत्व असलेल्यांसाठी सवलती रुजू होण्यापूर्वी ठरायला हव्यात, आणि कोणाला काय सांगायचं याची संमती त्या विद्यार्थ्याकडून बाबनिहाय घ्यायला हवी.

१९८० च्या दशकात चिंतनाची लाट आली. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करताकरता विचार करणाऱ्या व्यावसायिकाची कल्पना मांडली. १९८५ मध्ये डेव्हिड बाउड आणि सहकाऱ्यांनी अनुभवाकडे परतताना भावनांची दखल घेण्याला मधली, अटळ पायरी म्हटलं. १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्ज यांच्या सहा पायऱ्यांच्या चक्रात वर्णनानंतर लगेच ‘भावना’ आली. विद्यापीठांनी हे सगळं उचललं आणि त्याला गुण लावले. नाइटिंगेल यांच्या शाळेतली रोजनिशी नव्या नावाने परतली.

गुण लागले की मुलं हुशार होतात. आधी घाबरलो, मग शिकलो, आता आत्मविश्वास आला, या साच्यात कुठलाही प्रसंग बसवता येतो आणि तपासणाऱ्यालाही तो आवडतो. ज्या प्रसंगातून विद्यार्थी अजून सावरलेला नाही तो या साच्यात बसत नाही, म्हणून तो लिहिलाच जात नाही. दोन वह्या ठेवणं हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे. एक खाजगी, जी कोणी मागायची नाही. दुसरी सादर करायची. तिच्यात विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला एखादा प्रसंग, रुग्ण किंवा ग्राहक ओळखू येणार नाही अशा बेताने लिहिलेला, आणि गुण फक्त विचाराच्या नेमकेपणाला. कबुलीजबाबाला गुण द्यायचे नाहीत.

गुण देणाऱ्याची कोंडीही कमी नसते. कॅथलीन डफी यांच्या २००३ मधल्या स्कॉटलंडमधील अभ्यासात परिचारिका-मेंटॉर कच्च्या विद्यार्थ्यांनाही पास करत असल्याचं पुढे आलं. शंका उशिरा बोलून दाखवली जाई, नोंदी अपुऱ्या असत, आणि महिनोन्‌महिने ज्याला आधार दिला त्यालाच नापास करणं जिवावर येई. ब्रिटनच्या परिचर्या व प्रसूतिसेवा परिषदेने २०१८ च्या मानकांत या भूमिका वेगळ्या केल्या : रोज सोबत राहून शिकवणारा पर्यवेक्षक एक, मूल्यमापन करणारा दुसरा, विद्यापीठातला मूल्यमापक तिसरा, आणि एकाच विद्यार्थ्यासाठी पर्यवेक्षक व मूल्यमापक एकाच वेळी तोच माणूस असायचा नाही. या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणावा लागेल. अर्थात लहान संस्थेत तीन माणसं मिळतच नाहीत. तिथे किमान एवढं करता येतं : विद्यापीठाच्या शिक्षकाने भेटीला गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं विद्यार्थ्याशी एकट्याने बोलायचं आणि मग तिघांची बैठक घ्यायची. पर्यवेक्षक खोलीत असताना मिळणारं ‘सगळं छान चाललंय’ हे उत्तर माहिती म्हणून धरू नये. पहिली भेटही मध्यापर्यंत न थांबता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात व्हावी, आणि कामगिरीविषयी शंका असेल तर ती मध्यापूर्वी लेखी द्यावी, म्हणजे सुधारायला वेळ उरतो.

मृत्यू, हल्ला, आत्महत्या असा प्रसंग विद्यार्थ्यासमोर घडला तर काय करायचं, याचा इतिहास वळणावळणाचा आहे. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये आपत्कालीन सेवकांसाठी घटनेनंतर लवकरच घ्यायच्या गटबैठकीची पद्धत मांडली, आणि ती शाळा-महाविद्यालयांपर्यंत पसरली. पुढे चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं पुन्हा सांगायला लावल्याने नंतरचा मानसिक आघात टळत नाही. काहींना त्याचा त्रासच होऊ शकतो. ब्रिटनच्या २००५ मधल्या वैद्यकीय मार्गदर्शिकेने अशी बैठक सरसकट वापरू नये असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या प्राथमिक मानसिक मदतीच्या पुस्तिकेत सूत्र आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे त्या दिवशी विद्यार्थ्याला सुरक्षित जागी न्यायचं, खाणंपिणं आणि घरी जाण्याची सोय पाहायची, बोलायचं असेल तर ऐकायचं, खोदायचं नाही. दोन-तीन दिवसांनी फोन. महिन्याने पुन्हा एक, कारण झोप न येणं, प्रसंग सतत डोळ्यांपुढे येणं, त्या ठिकाणी जायचं टाळणं ही लक्षणं तोवर टिकली असतील तर तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. नेमका हा दुसरा फोन राहून जातो. तोपर्यंत कामाचा काळ संपून फाइल बंद झालेली असते.

मनाच्या त्रासाचं मूळ कधीकधी कायद्यात आणि खिशात असतं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका संघीय अपील न्यायालयाने समाजकार्याच्या विनावेतन काम करणाऱ्या विद्यार्थिनीचा लैंगिक छळाचा दावा फेटाळला. पगार नाही म्हणजे ती कर्मचारी नाही, म्हणून रोजगारातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा लागू नाही. ऑरेगन राज्याने २०१३ मध्ये विनावेतन इंटर्नना असं संरक्षण दिलं. त्याच वर्षीच्या भारतातल्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधी कायद्याने प्रशिक्षणार्थी आणि उमेदवार (अ‍ॅप्रेंटिस) यांना कर्मचाऱ्याच्या व्याख्येत घेतलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कामातल्या हिंसा व छळाविरोधी २०१९ च्या १९० व्या करारातही इंटर्न आणि उमेदवारांचा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रार कोणत्या समितीकडे जाते, कामाच्या ठिकाणच्या की विद्यापीठाच्या, हे विद्यार्थ्याला रुजू होण्यापूर्वी लेखी कळलं पाहिजे. अन्यथा दोन्ही समित्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

पैशाचा प्रश्न सर्वांत उशिरा पटलावर आला. ऑस्ट्रेलियात समाजकार्याच्या पदवीसाठी किमान १,००० तासांचं क्षेत्रकार्य लागतं. दिवसभर विनावेतन काम, मग भाडं भरण्यासाठी रात्री दुसरी नोकरी, आणि सकाळी पुन्हा तिथेच हजर. अशा थकव्यावर समुपदेशनाचा उपाय चालत नाही. १ जुलै २०२५ पासून तिथल्या केंद्र सरकारने या काळासाठी आठवड्याला सुमारे ३३० डॉलर देण्याची योजना लागू केली, आर्थिक परिस्थितीच्या निकषावर. तिच्यात परिचर्या, प्रसूतिसेवा, अध्यापन आणि समाजकार्य यांचे विद्यार्थी आहेत. भौतिकोपचार, मानसशास्त्र आणि पशुवैद्यक शाखांचे विद्यार्थी तसंच काम करूनही सुरुवातीच्या यादीबाहेर राहिले.