उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न

शिक्षक चेंडूचे चित्र वर धरतात आणि विचारतात, "हे काय आहे?" उत्तर शिक्षकांना माहीत असते, आणि त्यांना ते माहीत आहे हे मुलांनाही ठाऊक असते. बाजारात किंवा पारावर कोणी असे विचारले, तर आपली थट्टा चालली आहे असेच समोरच्याला वाटेल. शाळेत मात्र हा प्रश्न इतका रुळलेला आहे, की त्यावर गप्प राहणारे मूल 'कच्चे' ठरते.

अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ शर्ली ब्राइस हीथ यांनी या प्रश्नाचा माग घराघरांत जाऊन काढला. कॅरोलिना राज्यांच्या पीडमाँट भागात कृष्णवर्णीय आणि गोरी मुले नुकतीच एका वर्गात बसू लागली होती, आणि कृष्णवर्णीय मुले साध्यासाध्या प्रश्नांनाही उत्तरे देत नाहीत अशी शिक्षकांची तक्रार होती. हीथ यांनी ज्या कृष्णवर्णीय कामगारवस्तीला 'ट्रॅक्टन' हे टोपणनाव दिले, तेथील मोठी माणसे लहान मुलांना वस्तूंची नावे फारशी विचारत नसत, "हे कशासारखं आहे?" असे मात्र आवर्जून विचारत. त्यामुळे मुले साम्य शोधण्यात आणि गोष्ट रंगवण्यात तरबेज होती, पण शाळेचा पहिलाच प्रश्न त्यांना अनोळखी होता. शिक्षकांच्या स्वतःच्या घरी चित्र तेच होते जे आपल्याकडच्या अनेक घरांत दिसते: "नाक कुठंय? कान दाखव बघू!" वर्षभराचे मूल बोट लावते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि शाळेची रंगीत तालीम पाळण्याशेजारीच सुरू होते.

येथवर हा केवळ रीतिभातींचा फरक आहे. त्यात सत्ता शिरते ती त्यांपैकी एका रीतीवर गुण मिळू लागतात आणि दुसरी उणीव म्हणून नोंदवली जाते तेव्हा. 'घरात शैक्षणिक वातावरण नाही' हे आपले लाडके वाक्य मला म्हणूनच खटकते. कोणत्या घराचे वातावरण शैक्षणिक म्हणायचे, हे ठरवणारे बहुधा त्याच प्रकारच्या घरातून आलेले असतात.

सत्तेला प्रश्नाचीही गरज लागत नाही, नुसती ओळख पुरते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कथित उच्च जातींतील ३२१ आणि कथित खालच्या जातींतील ३२१ मुलगे होते. जात उघड केली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. काही गटांत मात्र कोडी सोडवण्याआधी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि शेवटी जात सर्वांसमोर वाचून दाखवली. तेवढ्याने खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुले मागे पडली. कागदावरच्या वाटा त्याच होत्या, पेन्सिलही तीच. कोडी सोडवणे म्हणजे शिकणे नव्हे हे मान्य. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी भर वर्गात जातीनिशी उभे केले गेल्याची आठवण ज्यांच्यापाशी आहे, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

ट्रॅक्टनच्या मुलांसाठी हीथ यांच्यासोबतच्या शिक्षकांनी प्रश्नच बदलले. ओळखीच्या जागांची छायाचित्रे वर्गात आली. "इथे काय चाललंय?", "तू इथे कधी गेला आहेस का?", "हे कशासारखं आहे?" असे विचारताच गप्प मुले बोलू लागली. ही संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांत नावे विचारणारे शालेय प्रश्न आणि त्यांची उत्तरे जोडली गेली, आणि ती मुलांना वारंवार ऐकता येतील अशी सोय झाली. हळूहळू मुले त्या प्रश्नांनाही सरावली. हीथ यांचे या कामावरचे पुस्तक १९८३ साली आले, तोवर चाचण्या आणि वरून येणाऱ्या आदेशांचा जोर वाढून त्या वर्गांतील हे प्रयोग बरेचसे मागे पडले होते.