दृष्टिपटलाचा विषाणुसंसर्ग

डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, विषाणूंमुळे होणारा दाह. याचे रुग्ण थोडे असतात, पण उपचाराला काही दिवसांचा उशीर झाला तरी त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. दृष्टिपटल हा चेतापेशींचा थर आहे. तिथल्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे औषधाने विषाणू आवरला तरी गेलेला भाग परत मिळत नाही.

बहुतेक वेळा कारण हर्पिस कुळातले विषाणू असतात: कांजिण्या आणि नागीण या दोन्हींना कारण असलेला व्हॅरिसेला-झोस्टर, हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन्ही प्रकार आणि सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही). एकदा शिरलेले हे विषाणू शरीरात जन्मभर सुप्त राहतात आणि कधीतरी पुन्हा डोके वर काढतात. डोळ्यात ते कोणते रूप घेतील, हे विषाणूपेक्षाही रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर अधिक अवलंबून असते.

प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात दिसणारे रूप म्हणजे तीव्र दृष्टिपटलनाश, डॉक्टरांच्या बोलीत ‘एआरएन’. जपानमध्ये आकिरा उरायामा आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. कारण विषाणू आहे हे मात्र १९८२ मध्ये, काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा कळले. सुरुवात फसवी असते. एक डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही, नजरेपुढे काळे ठिपके तरंगतात. हे सगळे साध्या यूव्हिआयटिसमध्येही, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराच्या दाहातही, होते. शिवाय पांढरट-पिवळे चट्टे आधी पडद्याच्या कडेला उमटतात, मधला भाग बराच काळ वाचतो आणि रुग्ण तक्त्यावरची अक्षरे ठीक वाचून दाखवतो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची कड पाहिली नाही तर रोग निसटतो, आणि तो असाच निसटतो. पुढच्या काही दिवसांत चट्टे कडेने पसरत एकमेकांना मिळतात, रोहिण्या सुजून बंद पडतात आणि डोळ्यातला काचाभ द्रव गढूळ होतो.

अमेरिकन यूव्हिआयटिस सोसायटीने १९९४ मध्ये ठरवलेले निदानाचे निकष याच चित्रावर आणि त्याच्या वेगावर बेतलेले आहेत. विषाणू सापडलाच पाहिजे अशी अट त्यांत नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातून बारीक सुईने सुमारे ०.१ मिलिलिटर पाणी काढून पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी करतात. ती मोलाची आहे. कोणता विषाणू हे तिच्यावरून कळते आणि औषध बदलायचे का हे ठरवता येते. पण उपचार तिच्या निकालासाठी थांबवत नाहीत, आणि निकाल नकारात्मक आला म्हणून चित्र स्पष्ट असताना औषध बंदही करत नाहीत. रक्तातल्या हर्पिसविरोधी प्रतिपिंडांच्या तपासणीवर पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही, कारण बहुतेक प्रौढांत ती आढळतातच. एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी मात्र टाळू नये. सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग आणि डोळ्यातला लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) हे तिघेही हुबेहूब असाच देखावा उभा करू शकतात.

उपचार त्याच दिवशी सुरू होतो. प्रौढांना अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून, वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी देण्याची पद्धत जुनी आहे. आता बरेच तज्ज्ञ तोंडाने मोठ्या मात्रेत व्हॅलॅसायक्लोव्हिर देतात आणि जोडीला नेत्रगोलात गॅन्सिक्लोव्हिर किंवा फॉस्कार्नेटचे इंजेक्शन करतात. ही औषधे मूत्रपिंडातून बाहेर पडतात, म्हणून रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) पाहून मात्रा ठरते. नंतर गोळ्या काही महिने चालतात, मुख्यतः दुसरा डोळा वाचवण्यासाठी. उपचार न झालेल्यांपैकी एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक जणांचा दुसरा डोळा बाधित होतो, बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत. स्टेरॉइड दाह कमी करते, पण ते विषाणुरोधक औषध २४ ते ४८ तास पोटात किंवा शिरेत गेल्यानंतरच द्यायचे. यूव्हिआयटिस समजून नुसते स्टेरॉइड सुरू करणे ही या रोगातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे; डोळा दोन दिवस बरा वाटतो आणि आत विषाणूला रान मोकळे मिळते.

विषाणू आटोक्यात आल्यावरही धोका संपत नाही. विरलेल्या पडद्याला छिद्रे पडतात आणि निम्म्या किंवा अधिक डोळ्यांत पुढच्या काही आठवडे-महिन्यांत ‘पडदा सरकतो’, म्हणजे दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटते. मग व्हिट्रेक्टमी करून, म्हणजे शस्त्रक्रियेने काचाभ द्रव काढून, सिलिकॉन तेल भरावे लागते. आधीच लेझर मारून हे टळते का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाचे चित्र वेगळे असते. एड्समध्ये सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्या नष्ट करतो त्या प्रतिकारपेशी) दर घनमिलिमीटर रक्तात ५० च्या खाली गेल्या की सीएमव्हीचा दाह होऊ शकतो. रक्तवाहिन्यांच्या कडेने पांढरे चट्टे आणि रक्तस्राव. इंग्रजी पाठ्यपुस्तके याला पिझ्झाची उपमा देतात. डोळा लाल नसतो, दुखत नाही, कारण दाह निर्माण करायलाही प्रतिकारशक्ती लागते. म्हणून अशा रुग्णांची नेत्रतपासणी तक्रार नसतानाही करतात. गॅन्सिक्लोव्हिरला अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली. पुढे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्यांमुळे रोजची सलाइन टळली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटणे हा दोन्हींचा मुख्य दुष्परिणाम. खरा बदल घडवला तो १९९६ च्या सुमारास आलेल्या संयुक्त एचआयव्ही उपचाराने. विषाणूच्या आरएनएला चिकटून त्याचे प्रथिन बनू न देणारे फोमिव्हिर्सेन १९९८ मध्ये मान्य झाले, या जातीचे पहिलेच औषध. पण तोवर रुग्णच इतके घटले होते की ते बाजारातून गेले. भारतात एचआयव्हीवरची ही उपचारपद्धती (एआरटी) एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. आज हा दाह अवयवरोपण किंवा रक्ताच्या कर्करोगावरील उपचार घेणाऱ्यांतही आढळतो.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर दिसणारा प्रकार निराळाच. डेंग्यू किंवा चिकनगुनियाचा ताप उतरल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, अनेकदा दोन्ही डोळ्यांत, दृष्टी अंधुक होते आणि पडद्याच्या मध्यभागाजवळ कापसासारखे डाग व सूज दिसते. २००५-०६ च्या चिकनगुनियाच्या साथीनंतर भारतातील नेत्रतज्ज्ञांनी याची विस्ताराने नोंद केली. या विषाणूंवर अ‍ॅसायक्लोव्हिर चालत नाही. स्टेरॉइड दिले जाते, त्यामागचा पुरावा मात्र पक्का नाही. बरेच रुग्ण काही महिन्यांत आपोआपही सुधारतात. रिकेट्सिया या जिवाणूंच्या तापानंतरही नेमके असेच डाग उठतात, त्यामुळे ताप कशाचा होता हे ठरेपर्यंत अनेक डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देऊन ठेवतात.