पार्श्वभूमी : कोविडमध्ये बंद पडलेली वस्तीतली लसीकरण सत्रं

मुंबईत देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला. तिथून थेट १९८५ ला आलं तरी चालेल; आजचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम तेव्हाचा. त्याची कसोटी लागली २०२० मध्ये.

२६ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेकडून सल्ला आला : सामूहिक लसीकरणाच्या मोहिमा तूर्त थांबवा, नियमित लसीकरण शक्य तिथे चालू ठेवा. नेहमीच्या लसींनी कोविड बळावतो असा पुरावा नव्हता. धास्ती होती ती सत्रातल्या गर्दीची. आफ्रिकेसाठी त्याच वर्षी मांडलेल्या गणितात, लसीकरण केंद्रावर जाण्यामुळे ओढवणाऱ्या एका कोविड मृत्यूमागे ८४ बालमृत्यू टळत होते.

मे महिन्यात आपल्याकडचे नियम आले. प्रतिबंधित क्षेत्रात आणि बफर झोनमध्ये (त्याभोवतीच्या पट्ट्यात) प्रसूतिगृहातले जन्मावेळचे डोस चालू, वस्तीतली सत्रं बंद. क्षेत्र यादीतून उतरल्यावर किमान १४ दिवसांनी सत्र, तेही तासाला चार-पाच बाळांचं.

सगळा घोळ या १४ दिवसांत आहे. सोसायटीत रुग्ण सापडला तर मुंबईत इमारत सील व्हायची. झोपडपट्टीत अख्खा पट्टा प्रतिबंधित. दाट वस्तीत नवा रुग्ण निघाला की सत्र आणखी पुढे. सोसायटीतलं बाळ खासगी डॉक्टरकडे टोचून यायचं. सत्र बंद म्हणजे लस बंद, हे ज्यांच्या बाबतीत खरं होतं त्यांच्यावरच नियमाचा सगळा भार पडला. गर्दी टाळायला वेळा वाटून देणं पुरेसं होतं.

सत्र भरलं तरी गोवर-रुबेलाची कुपी अडायची. पेंटाची (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीची) उघडलेली कुपी, थंडी नीट राखली तर, २८ दिवस चालते. गोवर-रुबेलाची मात्र द्रावक मिसळल्यावर चार तासांत टाकावीच लागते, नाहीतर जंतू वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकतं. कुपी पाच किंवा दहा डोसांची, आणि तासाच्या चार-पाच बाळांत गोवराचं एखादंच. एका बाळासाठीही कुपी उघडायची असते. वाया जाईल म्हणून ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगितलं की ते बाळ बरेचदा गळतंच.

हुकलेलं सगळंच भरून येत नाही. हेपॅटायटिस-बीचा जन्मडोस २४ तासांतला, तो गेला तो गेला. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, वर्षापर्यंत देता येते. पेंटा जिथे थांबली तिथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून. पहिल्यापासून मोजायचं नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत आणि आसपास गोवर उसळला. नोव्हेंबरात केंद्र सरकारने उद्रेकाच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस सुचवला. ९ महिन्यांखालचे रुग्ण १० टक्क्यांवर असतील तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही. हे दोन्ही डोस वेळापत्रकात धरायचे नाहीत. सहाव्या महिन्याचा डोस कार्डावर पहिल्या डोसच्या रकान्यात चढला, तर नऊ महिन्यांचा राहून जातो.