मॅग्नेशियम पूरके : प्रकार आणि निवड

आहारातील मॅग्नेशियमला जोड म्हणून गोळी, कॅप्सूल, पूड किंवा द्रवरूपात घेतली जाणारी मॅग्नेशियमची संयुगे. ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, सायट्रेट, ग्लायसिनेट, मॅलेट, क्लोराइड आणि सल्फेट ही त्यांतली नेहमी आढळणारी. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या (शामळदास गांधी मार्ग) घाऊक औषधबाजारापासून उपनगरातल्या कोपऱ्यावरच्या केमिस्टपर्यंत ती सर्वत्र मिळतात. काही औषध म्हणून विकली जातात, तर काही एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक छापलेले अन्नपूरक म्हणून.

नाव व पूर्वेतिहास : ‘मॅग्नेशिया’ या ग्रीक स्थळनामावरून हे नाव आले याबद्दल फारसा वाद नाही, हे मॅग्नेशिया नेमके कोणते, याबद्दल आहे. ग्रीसमधील थेसलीचा प्रदेश की आशिया मायनरमधील त्याच नावाची नगरे, असे दोन पक्ष आहेत. थेसलीचा पक्ष अधिक रूढ असून तोच ग्राह्य वाटतो. मॅग्नेट आणि मँगॅनीज हे शब्दही याच मुळाचे असल्याने जुन्या ग्रंथांतील ‘मॅग्नेशिया’ म्हणजे प्रत्येक वेळी मॅग्नेशियम संयुगाची पांढरी पूडच असेल असे धरता येत नाही. इंग्लंडमधील एप्समचा कडू पाण्याचा झरा 1618 च्या सुमारास लक्षात आला, अशी परंपरागत समजूत आहे. नेहेमाया ग्रू या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या पाण्यातील क्षारावर 1695 मध्ये लिहिले. चुना आणि मॅग्नेशिया हे निरनिराळे पदार्थ आहेत, हे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने 1755 च्या सुमारास स्पष्ट केले आणि रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने 1808 मध्ये मूलद्रव्य वेगळे काढले.

शरीरातील साठा : प्रौढ शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतांशी स्नायू व इतर ऊतींत. रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे कमतरता नाहीच, असे ठरत नाही. तीनशेहून अधिक विकरांच्या (एन्झाइमांच्या) कार्याला हे मूलद्रव्य लागते.

मूलद्रव्यी प्रमाण : निवडीतला सर्वांत मोठा घोटाळा येथे होतो. डबीवरचा ठळक आकडा अनेकदा संपूर्ण संयुगाच्या वजनाचा असतो, त्यातील प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा नव्हे. वजनाच्या हिशेबाने ऑक्साइडमध्ये सुमारे 60 टक्के मॅग्नेशियम असते, हायड्रॉक्साइडमध्ये 42, निर्जल सायट्रेटमध्ये 16, मॅलेटमध्ये 15, ग्लायसिनेटमध्ये 14, स्फटिकी क्लोराइडमध्ये 12, एप्सम सॉल्टमध्ये (स्फटिकी सल्फेट) 10 आणि थ्रिओनेटमध्ये जेमतेम 8. म्हणजे ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट 1000 मि.ग्रॅ.’ असे लिहिलेल्या मात्रेतून फार तर 141 मि.ग्रॅ. मॅग्नेशियम मिळेल. तेवढ्याच ग्लायसिनेटमधून 200 मि.ग्रॅ. मिळते असा दावा मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असेल, तर तो शुद्ध ग्लायसिनेटचा असू शकत नाही. त्यात बहुधा ऑक्साइड मिसळलेले असते. अशा मिश्रणाला ‘बफर्ड’ म्हणतात. डबी उलटी करून हा भागाकार (मॅग्नेशियमचे वजन भागिले संयुगाचे वजन) करून पाहणे प्रत्येक ग्राहकाला जमण्यासारखे आहे, आणि पुढचा सगळा विचार त्यानंतरचा.

शोषणाचा वाद : ऑक्साइड वजनाला भरपूर आणि स्वस्त, पण पाण्यात जवळजवळ अविद्राव्य. पेल्याभर पाण्यात त्याची पूड टाकली तर ती चुन्यासारखी तळाशी बसते. लिंबू पिळून ढवळत राहिले की हळूहळू विरघळू लागते. जठरातील आम्ल हेच काम करते. यावरून, पित्तासाठी रोज आम्लरोधक गोळी घेणाऱ्याला ऑक्साइड कमी लागू पडेल असा तर्क केला जातो आणि तो रास्त दिसतो. फिरोझ आणि ग्रेबर यांच्या 2001 च्या अभ्यासात ऑक्साइडचे शोषण सुमारे 4 टक्केच आढळले. क्लोराइड, लॅक्टेट व ॲस्पार्टेट पुष्कळ सरस ठरले. हाच 4 टक्क्यांचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. मात्र शुएट आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये शेषांत्राचा (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा) भाग काढलेल्या 12 रुग्णांत समस्थानिक (मॅग्नेशियमचे ओळखता येणारे अणू) वापरून मोजणी केली, तेव्हा ऑक्साइड व ग्लायसिनेट यांचे सरासरी शोषण जवळपास सारखे, 23 टक्क्यांच्या आसपास निघाले. ज्यांच्यात ऑक्साइड फारच कमी शोषले जात होते, त्यांनाच ग्लायसिनेटचा उघड लाभ झाला. वॉकर आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या 60 दिवसांच्या चाचणीत सायट्रेट हे अमिनो आम्ल चिलेटच्याही (अमिनो आम्लाशी बांधलेले मॅग्नेशियम; ग्लायसिनेट याच जातीचे) पुढे गेले. मोजणीच्या पद्धती, मात्रा आणि माणसे वेगवेगळी असल्याने हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून क्रमवारी लावणे धोक्याचे आहे. शिवाय एका वेळची मात्रा वाढली की शोषणाची टक्केवारी घसरते; म्हणून मात्रा विभागून घेण्याला अर्थ आहे. विद्राव्य सेंद्रिय क्षार सामान्यतः ऑक्साइडहून बरे, इतके खात्रीने म्हणता येते. ग्लायसिनेट सर्वांत श्रेष्ठ, हे अजून सिद्ध झालेले नाही.

उपयोगानुसार निवड : बद्धकोष्ठतेत न शोषलेले मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून तेथे हायड्रॉक्साइड, ऑक्साइड व सायट्रेट उपयोगी. इतरांना नेमका हाच दुष्परिणाम नडतो. चर्चगेट ते विरार प्रवास करणाऱ्याने सायट्रेटची पहिली मोठी मात्रा सकाळी घेऊ नये. पोट हळवे असेल तर ग्लायसिनेट सहसा सोसते. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी सायट्रेटच्या रूपात रोज 600 मि.ग्रॅ.पर्यंत मात्रा अभ्यासली गेली आहे, पण ती डॉक्टरी देखरेखीखालची. वृद्धांच्या पायांत येणाऱ्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमी, असा कॉक्रेन समीक्षेचा (अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा) निष्कर्ष आहे. स्मरणशक्तीसाठीची थ्रिओनेटची कीर्ती मुख्यतः 2010 च्या उंदरांवरील प्रयोगावर उभी आहे. टॉरेट व ओरोटेट या आणखी दोन संयुगांविषयी मानवी पुरावा तोकडा आहे.

आहार व पाणी : अमेरिकी शिफारशीनुसार प्रौढांची दैनंदिन गरज 310 ते 420 मि.ग्रॅ. आहे. शंभर ग्रॅम बाजरी किंवा गव्हाच्या कणकेत सुमारे 125 मि.ग्रॅ., तर पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे 20. भाकरी सुटून भात आणि मैद्याचा पाव एवढ्यावर दिवस काढणाऱ्या मुंबईकराच्या ताटातून काय निघून गेले, ते यावरून कळते. भातसा, वैतरणा, तानसा येथून येणारे पालिकेचे पाणी पावसाचे साठवलेले व मृदू असल्याने त्यातून मोठी भर पडत नाही. तीळ, नाचणी, राजगिरा आणि कडधान्ये ही भर घालतात.

खबरदारी : पूरकातून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची प्रौढांसाठीची वरची मर्यादा अमेरिकेत 350, तर युरोपात 250 मि.ग्रॅ. धरली जाते. लोकल गाठण्याच्या घाईत सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदम गिळणे येथे महागात पडते : थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तासांचे अंतर हवे, टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन गटातील प्रतिजैविके तर आतड्यातच मॅग्नेशियमशी बांधली जाऊन निकामी होतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या रक्तात मॅग्नेशियम साचते. सुस्ती, मळमळ, उतरता रक्तदाब आणि मंदावलेली नाडी ही त्याची लक्षणे होत. अशा रुग्णाने कोणताही प्रकार, जुलाबाच्या पातळ औषधासकट, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.