कॅमेरा तिथे होता: माहितीपट आणि मॉक्युमेंटरीच्या गोडीमागचा इतिहास

१८९५ साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात ल्युमिएर बंधूंनी स्वतःच्याच कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा मांडला आणि सुटी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. चित्रण एका मिनिटाचंही नाही. या प्रसंगाची तीन रूपं आज आपल्याला माहीत आहेत. एकात घोडागाडीला एक घोडा आहे, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात घोडाच नाही. म्हणजे हा प्रसंग निदान तीनदा टिपला गेला. कामगार खरे, फाटक खरं, तरी कुठलं चित्रण चांगलं उतरलंय हे बघणारं कुणीतरी कॅमेऱ्यामागे उभं होतं. माहितीपट बघतानाची सगळी गोडी मला याच जागी सापडते. समोरचं खरं आहे आणि ते कुणीतरी आपल्यासाठी निवडलं आहे, या दोन्ही गोष्टी आपल्याला एकदमच कळत असतात.

रॉबर्ट फ्लाहर्टीचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ १९२२ साली आला, तेव्हा याच प्रश्नाने मोठं रूप घेतलं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट लोकांचं जगणं त्याला दाखवायचं होतं. बर्फाच्या घरातलं चित्रण करायचं तर आत अंधार, शिवाय तेव्हाचा अवजड कॅमेरा मावायलाही जागा नाही. मग मुद्दाम मोठं घर बांधलं आणि उजेड यावा म्हणून त्याची एक बाजू उघडी ठेवली. पडद्यावर कुटुंब उबेत झोपलेलं दिसतं, प्रत्यक्षात ती माणसं उघड्या थंडीत होती. नायकाचं खरं नाव अल्लाकारिअल्लाक. त्या लोकांच्या हाती तोवर बंदुका आल्या होत्या, तरी चित्रपटात तो जुन्या पद्धतीने, भाल्याने शिकार करतो. ही बनवाबनवी मला खटकते, आजही खटकते. पण घर बांधताना तो बर्फाची एक पारदर्शक लादी कापून भिंतीत खिडकी म्हणून बसवतो, तो प्रसंग सुरू झाला की मी खिळून बघत राहतो. त्या हातांचं कसब कुणी शिकवून, घोकून घेतलेलं नाही.

‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द चित्रपटाच्या संदर्भात रुजवला तो जॉन ग्रीअर्सनने. १९२६ साली फ्लाहर्टीच्याच पुढच्या चित्रपटाबद्दल लिहिताना त्याने तो वापरला.

पुढे बराच काळ माहितीपट म्हटलं की चित्रांवर एक भारदस्त आवाज निवेदन करत जायचा. आवाजासकट चित्रण करायची यंत्रं इतकी जड होती की दुसरा मार्गही फारसा नव्हता. १९६०च्या सुमारास खांद्यावर पेलणारे १६ मिलिमीटरचे कॅमेरे आणि सोबत नेता येणारे ध्वनिमुद्रक आले आणि सगळंच बदललं. १९६०च्याच ‘प्रायमरी’ या माहितीपटात अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या केनेडी आणि हम्फ्री यांची निवडणूक मोहीम आहे. जॅकलिन केनेडी सभेत बोलत असतात आणि कॅमेरा त्यांच्या पाठीमागे, पांढऱ्या हातमोज्यांतल्या त्यांच्या हातांवर जातो. बोटं एकमेकांत गुंतून अस्वस्थपणे चाळा करत असतात. चेहऱ्याने लपवलेलं हातांनी सांगून टाकलं. असे क्षण मिळू लागल्यावर निवेदनाची गरज बरीच कमी झाली.

आणि नेमकी हीच भाषा नक्कल करण्याजोगी होती. हलती चौकट, मध्येच हुकलेला फोकस, कॅमेऱ्याकडे बघून दिलेली उत्तरं: हे सगळं ‘कॅमेरा खरोखर तिथे होता’ याचा पुरावा वाटू लागलं होतं. पुरावा म्हटला की तो रचताही येतो. माहितीपटाचा आव आणून रचलेली अशी काल्पनिक गोष्ट म्हणजे मॉक्युमेंटरी. त्याआधी भारदस्त निवेदनाचीही नक्कल झालीच होती. १ एप्रिल १९५७ला बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात झाडांवरून स्पॅगेटी तोडणारं कुटुंब दाखवलं. निवेदन रिचर्ड डिंबलबींच्या भरवशाच्या आवाजात असल्यामुळे असं झाड लावायचं कसं, हे विचारायला लोकांचे फोन आले.

मॉक्युमेंटरी म्हणजे फक्त विनोद, हा समज मात्र चुकीचा आहे. पीटर वॉटकिन्सच्या ‘द वॉर गेम’मध्ये ब्रिटनवर अणुहल्ला झाल्याचं बातमीपटाच्या शैलीत दाखवलं होतं. बीबीसीने तो १९६५मध्ये दाखवायचं नाकारलं आणि दूरचित्रवाणीवर तो थेट १९८५ साली आला. दरम्यान त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं होतं. न घडलेल्या घटनेला माहितीपटाचा सन्मान! मला तो निवाडा योग्यच वाटतो, कारण त्यातली भीती खरी होती.

विनोदी धारेला १९८४च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या, काल्पनिक रॉक बँडवरच्या चित्रपटाने आकार दिला. त्यातले बहुतेक संवाद कलाकारांनी आयत्या वेळी रचलेले आहेत. त्यामुळे माणसं अडखळतात, एकमेकांचं बोलणं तोडतात, आणि हा बँड खराच आहे असं काही प्रेक्षकांना वाटलं. पुढे २००१मध्ये ब्रिटिश मालिका ‘द ऑफिस’ने हे तंत्र रोजच्या कचेरीत आणलं. साहेब काहीतरी लाजिरवाणं बोलतो. कुणी काही म्हणत नाही. टेबलाशी बसलेला टिम फक्त मान वळवून लेन्सकडे बघतो, आणि तिथे आपण बसलेलो असतो.