भोंग्यासमोरचं व्हायोलिन: यान कुबेलिक

चेक व्हायोलिनवादक यान कुबेलिकची जुनी तबकडी लावली की आधी खरखर ऐकू येते, व्हायोलिन तिच्या आडून. पुष्कळ जण तिथेच कंटाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कुबेलिक १८८० साली प्रागजवळच्या मिख्ले गावात जन्मला. वडील माळी, पहिले धडे त्यांनीच दिले. बाराव्या वर्षी तो प्रागच्या संगीत विद्यालयात ओताकार शेव्चिक यांच्या हाताखाली गेला. अवघड जागेचे बारीक तुकडे पाडायचे आणि बोटं नि गज यांच्या अंगवळणी पडेपर्यंत एकेक तुकडा घोटायचा, ही शेव्चिक यांची रीत. १८९८ मध्ये व्हिएन्ना आणि १९०० मध्ये लंडन या पोराने जिंकलं. मग अमेरिकाही. लोक त्याची तुलना थेट पागानिनीशी, व्हायोलिनच्या त्या दंतकथा बनलेल्या इटालियन जादूगाराशी, करू लागले.

नेमक्या त्याच काळात ध्वनिमुद्रण बाळसं धरत होतं. मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. वादकाने भोंग्याच्या तोंडाशी उभं राहायचं. आवाजाच्या धक्क्याने पडदा थरथरे आणि सुई मेणात रेघ कोरी. व्हायोलिनचा नाजूक आवाज यात हरवून जाई. म्हणून तर श्ट्रो नावाच्या संशोधकाने लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा लावलेलं व्हायोलिन काढलं. तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावत, त्यामुळे अख्खा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना, अशक्य. सारासाते किंवा व्हिएन्याव्स्की या व्हायोलिनवादक-रचनाकारांच्या छोट्या, चमकदार रचना तेवढ्या बसत. कुबेलिक केवळ तांत्रिक करामतीचा वादक होता, हा शिक्का बसण्यात या मर्यादेचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

ज्येष्ठ व्हायोलिनवादक योआखिम १९०३ मध्ये भोंग्यासमोर उभे राहिले तेव्हा बहात्तरीचे होते, सारासाते १९०४ मध्ये साठीचे. कुबेलिक मात्र विशीतच होता. उतारवयातल्या वादकाची आठवण नव्हे, ऐन बहरातला हात या तबकड्यांत आहे. स्वर स्वच्छ, कंप (बोट हलवून स्वराला दिलेली थरथर) अगदी बेताचा. १९१३ मध्ये त्याने गायिका नेली मेल्बाबरोबर बाख-गुनोचं ‘आवे मारिया’ मुद्रित केलं. तिच्या आवाजाभोवती त्याची साथ किती संयमाने फिरते, ते ऐकाच.

१९२५ मध्ये ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला तेव्हा कुबेलिक पंचेचाळिशीचा होता, आणि श्रोत्यांचे कान क्राइस्लर, हायफेट्झ या व्हायोलिनवादकांच्या भरदार कंपाला सरावले होते. डिसेंबर १९४० मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या प्रागमध्ये त्याचं निधन झालं. मुलगा राफाएल त्या वेळी ब्रनोच्या ऑपेराची धुरा सांभाळत होता.